चौथा नंबर

इंदोऱ्यात साडेपाच वाजले का तिथं रात्रीचे नऊ.
तेव्हाच उत्पलाचा फोन येते.
मी कोणाच्या तरी गच्चीवर असतो,
पेचकस दातात,
हाताले कुलरच्या गवताचा ओला वास.

ऑक्टोबरात गेली. कुलर उतरवाचे दिवस.
पहिल्याच फोनवर म्हणे, घरमालक नाही म्हणाचं, बाबा,
ओतोसान म्हणाचं त्याहिले.
म्हणजे काय?
म्हणजे बाबा.

हातातून एक स्क्रू सुटला,
तीन माळे खाली गेला.

मोरिवाकी त्याहिचं आडनाव.
पानठेल्यावर दुसऱ्याच दिवशी झालं मोरीवाले.
काय म्हणतात मग मोरीवाले?
अन् खरंच त्याहिची सारी गोष्ट मोरीतच होती.

एकाच टबात सारं घर आंघोळ करते, ती सांगे,
एकामागं एक, तेच गरम पाणी.
आधी बाहेर घासून धुवाचं, मंग आत बसाचं.
अन् पहिला नंबर मले देतात.
आजोबाच्याही आधी.

पंच्याऐंशी वर्षाचा म्हातारा टॉवेल घेऊन थांबते
अन् कमाल चौकाची पोट्टी आत पाय शेकते.
तिच्या मागून, त्याच पाण्यात, तो.

माझ्या आज्याले विहिरीवर नंबरच नव्हता.
ओंजळ धरून उभा राहाचा,
कोणी वरून ओतलं त.
हे मी तिले फोनवर काही बोललो नाही.
तिले ठाऊक आहे.
दोघंही उगाच थोडा वेळ चूप होतो,
पैसे तिचे लागत होते.

डिसेंबरात माझं काम बंद, पंखे गुंडाळत बसतो.
ती म्हणे, इथं टेबलाखाली शेगडी असते,
वरून गोधडी. सारे पाय आत घालतात
अन् संत्री सोलतात.
संत्री?
नागपूर सोडून समुद्रापार गेली
अन् खाऊन राहिली संत्रीच!
बारकी असतात, बाबा. बी नसते.
बी नाही त मंग थुंकता काय, म्हटलं.
ती हसली. तिच्या मागं आणखी कोणी हसलं,
न समजता.
पण ती शेगडी मले लगेच समजली.
आपण मे महिन्यात कुलरसमोर पडतो, तसेच ते.
एक यंत्र, अन् त्याच्याभोवती घर.

जानेवारीत म्हणे, आता माझा चौथा नंबर.

पोटात गोळाच आला माझ्या.
काहून? काही फोडलं काय तू?
पैसे राहिले का द्याचे?
नाही ना, बाबा.
पहिला नंबर पाहुण्याचा असते.
आता आजोबा, मंग ओतोसान, मंग तोमोया, मंग मी.
माझ्या मागून चिझुको ओकासान.
तांदूळ आता मीच धुते.
यायले उशीर झाला त रागावतात.

रागावतात, हे तिनं असं सांगितलं
जसं कोणी बक्षीस सांगते.

तिची आई बाजूलेच भाजी चिरत होती.
तिनं विळा खाली ठेवला.
ओकासान म्हणजे काय, ते तिनं विचारलं नाही.

एकदा ती बाई स्वतःच फोनवर आली.
वाकली. मीही वाकलो गच्चीवर,
त तिले माझं टक्कलच दिसलं, बस.
पुन्हा वाकली. मंग मीही.
कोणी आधी थांबाचं, हे कोणालेच ठाऊक नव्हतं.
खालून मालकीण ओरडली, झालं का वो फिटिंग?

आता ऑगस्टात येते पोट्टी.
तिच्या आईनं आतापासून नवी बादली आणली, गुलाबी.
नळ पहाटे पाचले, पाऊण तास.
पहिली बादली उत्पलाची, ती म्हणते,
दमून येईन बिचारी.

मी म्हटलं, नाही.
आधी तू, मंग मी, मंग जयवर्धन.
तिले शेवटी.
नळ गेला त जाऊ दे.
ओरडू दे तिले मोरीतून,
साबण डोळ्यात गेलेली,
बाबा, पाणी!